फादर नव्हते तेव्हा चर्च कुणी सांभाळलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅथॉलिक मिशनचा इतिहास वाचताना फ्रान्सिस झेवियर, दे नोबिली, अलेक्झांडर द ऱ्होड अशी परदेशी फादरांचीच नावं भेटतात. मग स्थानिक प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली) माणसं, म्हणजे ज्यांना आपण कॅटेकिस्ट किंवा धर्मशिक्षक म्हणतो आणि नगरकडे नुसतं ‘मास्तर’, ती फक्त दुभाषे आणि मदतनीस होती, की त्यांचं काम त्यापलीकडचं होतं?

धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि चर्चचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझं उत्तर असं की शिकवण्याचं काम बहुतांशी त्यांनीच केलं. फादर मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) करत, पापनिवेदन ऐकत आणि वरिष्ठांना पत्रं लिहीत. पत्रं त्यांची, म्हणून नावंही त्यांचीच राहिली. हे तपासायची माझी एक ठरलेली रीत आहे. कोणत्याही मिशनचा इतिहास हातात आला की फादर तिथे नसलेली वर्षं आधी शोधायची. कधी राजाने हाकललेलं असतं, कधी युद्ध असतं, कधी पाठवायला माणूसच नसतो. त्या वर्षांत समाज विरून गेला, टिकला की वाढला, एवढं पाहिलं तरी भार कुणाच्या खांद्यावर होता ते कळतं.

सुरुवात तमिळ किनाऱ्यापासून करतो, कारण त्या कामाचं मुख्यालय गोव्यात होतं. कन्याकुमारीपासून रामेश्वरच्या बाजूला जाणाऱ्या पट्ट्यात मोत्यांसाठी बुड्या मारणारा परवर समाज राहत होता. 1535 ते 1537 या काळात या समाजातल्या गावंच्या गावांनी बाप्तिस्मा घेतला; तो आकडा साधारण 20,000 सांगितला जातो. झेवियर तेव्हा भारतात आलेलेही नव्हते. मोत्यांच्या धंद्यावरून मुस्लिम व्यापाऱ्यांशी परवरांचं हाडवैर झालं होतं, त्यांना कुणीतरी पाठीराखा हवा होता, आणि पोर्तुगीजांकडे जा हा सल्ला दिला जुआंव द क्रूझ नावाच्या एका भारतीय ख्रिस्ती माणसाने. हा घोड्यांचा व्यापारी, लिस्बनला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आलेला. म्हणजे या साऱ्या प्रकरणातला पहिला दुवाच प्रापंचिक होता. त्याचा किंवा परवर पुढाऱ्यांचा हेतू निव्वळ धार्मिक होता असं मी म्हणणार नाही. संरक्षण, धंदा आणि श्रद्धा यांची गाठ त्या काळात सगळीकडेच होती.

बाप्तिस्मा झाला खरा, पण शिकवायला कुणी नव्हतं. 6 मे 1542 ला झेवियर गोव्यात उतरले आणि त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर दक्षिणेला निघाले, गोव्याच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) शिकणारे तीन तमिळ तरुण सोबत घेऊन. झेवियरना तमिळ येत नव्हतं. 15 जानेवारी 1544 ला कोचीहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली पद्धत सांगितली आहे. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसं जमवली, त्यांच्याकडून क्रूसाची खूण, मतांगीकार (श्रद्धेची कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया हे सगळं तमिळमध्ये उतरवून घेतलं, स्वतः पाठ केलं आणि हातात घंटा घेऊन गावात मुलांना गोळा करत फिरले. घंटेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच पत्रातला पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. आजाऱ्यांच्या घरून इतकी बोलावणी येत की सगळीकडे जाणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी पाठांतर झालेल्या मुलांना पाठवायला सुरुवात केली. ही पोरं आजाऱ्याच्या घरी जाऊन घरच्यांना, शेजाऱ्यांना जमवत आणि मतांगीकार म्हणवून घेत. गाव सोडताना झेवियर प्रार्थनांची एक प्रत मागे ठेवत, लिहिता येणाऱ्यांना ती उतरवून घ्यायला सांगत आणि सणावारी सगळ्यांना एकत्र बसवून ती म्हणवून घेण्यासाठी एक माणूस नेमत.

हा नेमलेला माणूस म्हणजे कणक्कपिळ्ळै. मुळात हा गावचा हिशेबनीस, लिहिता-वाचता येणारा. जन्म, लग्न, मृत्यू याच्या कानावर आधी येत. बाळ दगावेल असं वाटलं की बाप्तिस्माही तोच देई. झेवियर एका गावात फार दिवस राहू शकत नव्हते, तो मात्र बारा महिने तिथेच असे. झेवियरना त्याचं महत्त्व इतकं कळलं होतं की त्यांनी गोव्यात गव्हर्नरकडून या शिक्षकांच्या पगारासाठी दरसाल 4,000 फनम (तेव्हाचं नाणं) एवढी तरतूद करून घेतली. ही रक्कम मोत्यांच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालची राणी कातारीना हिच्या पादत्राणांच्या खर्चासाठी जात असे. झेवियरनी राणीला कळवलं की या किनाऱ्यावरची ख्रिस्ती मुलं हीच तुम्हाला स्वर्गात नेणारी उत्तम पादत्राणं ठरतील. माणूस व्यवहारात पक्का होता. मला मात्र यातला पगाराचा मुद्दा राणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. प्रापंचिक प्रचारकाला घरसंसार असतो, त्याला वेतन लागतं, आणि ते कुठून यायचं हा प्रश्न 1543 मध्ये होता तसा आजही आहे.

1578 मध्ये येशूसंघाचे (जेझुइट) एन्रिक एन्रिकिश यांनी कोल्लमला तमिळ लिपीत सोळा पानांची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली. भारतीय लिपीत भारतात छापलेलं इतकं जुनं दुसरं पुस्तक आज आपल्याकडे नाही. छपाईच्या इतिहासात तिचं कौतुक होतं ते योग्यच, पण ती कुणाच्या हातात जायची होती याचा विचार कमी होतो. गावोगाव रोज संध्याकाळी लोकांना प्रार्थना सांगणारा जो माणूस होता, त्याचं ते हत्यार होतं.

आता माझी कसोटी लावू. 1658 मध्ये डचांनी तुतिकोरीन घेतलं, त्याच वर्षी श्रीलंकेत जाफनाही घेतलं. डच प्रोटेस्टंट, कॅथॉलिक धर्मगुरूंना त्यांनी श्रीलंकेतून बाहेर काढलं. परवर समाज डचांच्या हाताखाली येऊनही कॅथॉलिकच राहिला. श्रीलंकेत तर जवळपास तीस वर्षं धर्मगुरूच नव्हता. 1687 मध्ये बाणावलीत जन्मलेले आपले फादर जुझे वाझ वेषांतर करून जाफन्यात पोचले आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले, कोण ओळख देतं ते पाहत. ओळख देणारे निघाले, याचाच अर्थ कुणीतरी त्या तीस वर्षांत मुलांना जपमाळ शिकवली होती. वाझ यांनी आणि त्यांच्यामागून गेलेल्या गोव्याच्या ओरेटोरियन धर्मगुरूंनी जे जाळं बांधलं त्यात गावच्या ख्रिस्ती समाजाचा मुखिया मुप्पू आणि प्रार्थना घेणारा अण्णावी हे दोन प्रापंचिक खांब होते. मूठभर गोवेकर धर्मगुरू एवढ्या मोठ्या बेटावर काम करू शकले ते या दोघांच्या जोरावर. वाझ 2015 मध्ये संत झाले. मुप्पू आणि अण्णावींची नावं एखादा अभ्यासक शोधील तेव्हा.

इथे गोव्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात) धर्मांतराच्या मागे राज्यसत्ता होती. देवळं पाडली गेली, 1560 पासून इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करणारं न्यायालय) होतं, नवख्रिस्त्यांचा सांभाळ करण्यासाठी सरकारमान्य ‘ख्रिस्त्यांचा पिता’ हे पदच होतं. जिथे सत्ता मागे असते तिथे समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज कमी भासते आणि नोंदही कमी राहते. म्हणून प्रापंचिक प्रचारकांचा इतिहास शोधताना मी पोर्तुगीज किल्ल्यांपासून लांब जातो. जिथे तोफ पोचत नव्हती, तिथे हा माणूस ठळक दिसतो.

त्यातलं सर्वात नीट बांधलेलं उदाहरण व्हिएतनामचं. अलेक्झांडर द ऱ्होड हे आव्हिन्योंचे येशूसंघीय. पूर्वेकडे जाताना तेही गोव्यात आणि साष्टीत दोनेक वर्षं राहिले होते. 1627 मध्ये ते तोंकिनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये पोचले आणि 1630 मध्ये राजाने त्यांना घालवून दिलं. हे होणार याची चाहूल त्यांना आधीच लागली होती. म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी फ्रान्सिस, आंद्रे आणि इग्नेशियस या ख्रिस्ती नावांच्या तरुणांकडून सगळ्यांसमोर शपथ घेतली: धर्मगुरू येईपर्यंत लग्न करायचं नाही, मिळेल ते सामाईक ठेवायचं, आपल्यातल्या प्रमुखाचं ऐकायचं. ही धर्मसंघाची व्रतं नव्हती आणि ही माणसं धर्मगुरूही नव्हती. तरी गावात त्यांना ‘थाय’ म्हणजे गुरुजी म्हणून मान होता. मधल्या काळात तोंकिनमध्ये एकही धर्मगुरू नव्हता, आणि बाप्तिस्मे चालूच राहिले.

याला मी चाणाक्षपणा म्हणतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेल्या समाजात गुरुजीला आधीच जागा होती, ऱ्होड यांनी ती फक्त ओळखली. पुढे दक्षिणेकडच्या कोचिनचायनामध्ये त्यांनी अशीच तुकडी तयार केली आणि तिला थोडं वैद्यकही शिकवलं. औषध घेऊन आलेल्या माणसाला दार उघडतंच. 1644 च्या जुलैमध्ये तिथल्या अधिकाऱ्याचे शिपाई इग्नेशियसला पकडायला आले; तो घरी नव्हता, म्हणून घरात सापडलेल्या आंद्रेला घेऊन गेले. हा फू येनचा आंद्रे (तोंकिनचे आंद्रे आणि इग्नेशियस वेगळे) तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. 26 जुलैला त्याला मारलं. ऱ्होड तिथे हजर होते. पुढच्या वर्षी इग्नेशियसचाही शिरच्छेद झाला. आंद्रेला 2000 मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आलं. ऱ्होड युरोपात परतले आणि इथे स्थानिक धर्मगुरू हवेत, बिशप हवेत, असं रोममध्ये सांगत राहिले. पहिले व्हिएतनामी धर्मगुरू 1668 मध्ये अभिषिक्त झाले आणि ते याच कॅटेकिस्टांमधून आले. 1988 मध्ये संत घोषित झालेल्या व्हिएतनामच्या 117 हुतात्म्यांमध्ये 59 प्रापंचिक आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त.

कोरियाचं प्रकरण याच्याही पुढचं, आणि वर्गात शिकवताना विद्यार्थी इथे हमखास थांबवतात. तिथे चर्च सुरू करायला परदेशी फादर गेलाच नाही. चीनमध्ये येशूसंघीयांनी चिनी भाषेत लिहिलेली पुस्तकं राजदूतांच्या सामानातून कोरियात पोचली होती, आणि काही तरुण विद्वान ती आपापसात वाचून वाद घालत होते. त्यातल्या यी ब्योक यांनी आपला मित्र यी सुंग-हुन याला गळ घातली: तुझे वडील दूतमंडळाबरोबर बीजिंगला निघालेत, तू सोबत जा, तिथल्या चर्चमध्ये जाऊन नीट विचारून ये. तो गेला आणि 1784 मध्ये बाप्तिस्मा घेऊन, पुस्तकं, क्रूस, चित्रं घेऊन परतला. परत आल्यावर त्याने मित्रांना बाप्तिस्मा दिला. कोरियातलं चर्च असं सुरू झालं.

पुढची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. बीजिंगमध्ये पाहिलेली रचना आठवून या मंडळींनी 1786 च्या सुमारास आपल्यातूनच धर्मगुरू नेमले. ते मिस्सा करू लागले, पापनिवेदन ऐकू लागले. (आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर बिशपच्या घरी रात्रभर दिवे जळत राहिले असते.) नंतर पुस्तकं वाचता वाचता त्यांनाच शंका आली की याला अधिकार लागतो. त्यांनी सगळं थांबवलं आणि बीजिंगच्या बिशपना विचारायला माणूस पाठवला. उत्तर आलं की हे चालणार नाही, आणि पूर्वजांच्या पूजाही बंद करा. या दुसऱ्या वाक्याने कोरियन चर्चचं नशीब बदललं. कन्फ्यूशियन राज्यात पूर्वजांची पूजा नाकारणं म्हणजे बापाला आणि राजाला नाकारणं. 1791 मध्ये यून जी-चुंग यांनी आईच्या मृत्यूनंतर ते विधी केले नाहीत आणि पूर्वजांच्या पाट्या जाळल्या. त्यांना आणि त्यांच्या मामेभावाला त्यासाठी मृत्युदंड झाला.

1794 च्या अखेरीस पहिला धर्मगुरू, चीनचे झोउ वेनमो, सीमा ओलांडून आला. तेव्हा त्याला सुमारे 4,000 ख्रिस्ती तयार सापडले. सहा महिन्यांत सुगावा लागला. चोई इन-गिल हे दुभाषे स्वतः फादर असल्याचं सोंग घेऊन घरात थांबले, म्हणून झोउ निसटले. चोई आणि त्यांचे दोन साथीदार मारले गेले. त्यानंतर सहा वर्षं झोउंना लपवलं ते कांग वान-सुक या बाईंनी. कुलीन घरातल्या बायकांच्या भागात सरकारी माणसाला शिरता येत नसे, हा रिवाज त्यांनी ढालीसारखा वापरला. त्याच घरात बसून त्या बायकांना शिकवत. राणीवशातल्या बायकांपर्यंत त्यांचं शिकवणं पोचलं होतं. जोंग याक-जोंग यांनी त्याच काळात हांगुल लिपीत धर्मशिक्षणाचं पुस्तक लिहिलं. विद्वान चिनी अक्षरांत लिहीत, हांगुल ही बायकांची आणि सामान्यांची लिपी. हा निर्णय परदेशी फादराने घेतला नसता असं मला ठामपणे वाटतं, कारण कोण काय वाचू शकतं हे घरातल्या माणसालाच कळतं.

1801 च्या छळात झोउ, कांग वान-सुक, जोंग याक-जोंग, यी सुंग-हुन सगळे गेले. पुन्हा धर्मगुरू नाही, तोही तीस वर्षांहून अधिक काळ. या काळात जोंग याक-जोंग यांचा मुलगा जोंग हा-सांग दूतमंडळात नोकर म्हणून शिरून बीजिंगला पुन्हा पुन्हा पायी जात राहिला आणि धर्मगुरू मागत राहिला. 1825 च्या सुमारास कोरियन ख्रिस्त्यांनी थेट पोपना पत्र धाडलं. 1831 मध्ये रोमने कोरिया स्वतंत्र मिशन केलं, 1836 मध्ये पहिला फ्रेंच धर्मगुरू आत आला. 1839 मध्ये जोंग हा-सांग मारले गेले. मरण्यापूर्वी त्यांनी मंत्र्याला उद्देशून श्रद्धेचं समर्थन करणारं निवेदन लिहून ठेवलं होतं. पहिले कोरियन धर्मगुरू किम दे-गॉन 1845 मध्ये अभिषिक्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा शिरच्छेद झाला. म्हणजे कोरियाच्या पहिल्या साठ वर्षांत स्वतःचा धर्मगुरू नव्हताच. तुमच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं.

जपान थोडक्यात, कारण त्यावर मराठीतही बरंच लिहिलं गेलंय. कागोशिमाचा आन्जिरो झेवियरना मलाक्कात भेटला, गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि 1548 मध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. झेवियर 1549 मध्ये त्याच्याच गावी उतरले, त्याच्याच तोंडून बोलले आणि निघताना तिथली शंभरेक माणसं त्याच्यावर सोपवून गेले. पुढे त्याचं काही बरं झालं नाही. गाव सोडावं लागलं आणि चाच्यांबरोबर चीनकडे जाऊन तो मारला गेला असं जुनी पत्रं सांगतात. पण खरी कसोटी नंतरची. बंदीच्या काळात लपलेला शेवटचा धर्मगुरू 1644 मध्ये मारला गेला. त्यानंतर 220 वर्षं नागासाकीच्या आसपासच्या गावांत पंचांग सांभाळणारा एक, बाप्तिस्मा देणारा एक आणि निरोप पोचवणारा एक अशी प्रापंचिकांची व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालली. 17 मार्च 1865 ला उराकामीची काही माणसं ओउराच्या नव्या चर्चमध्ये फादर पेतीजाँ यांच्याकडे आली, आमचं आणि तुमचं मन एकच आहे म्हणाली आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे विचारू लागली. सातेक पिढ्यांत बाप्तिस्म्याचा विधी फारसा ढळला नव्हता.

आफ्रिकेतलं युगांडा याच जातीचं आहे, फक्त काळ लहान. व्हाइट फादर्स हे मिशनरी 1879 मध्ये आले, 1882 मध्ये राजा मुतेसाच्या दरबारातलं वातावरण बिघडल्यावर निघून गेले, 1885 मध्ये परतले. मधल्या तीन वर्षांत दरबारातले जोसेफ मुकासा आणि खेड्यात मॅथियास मुलुंबा यांच्यासारखी माणसं शिकवत राहिली. समाज घटायच्या ऐवजी वाढला. नवा राजा म्वांगा याने मुकासांना 1885 च्या नोव्हेंबरमध्ये मारलं. त्यांच्या जागी चार्ल्स लुवांगा आले. 1886 च्या मे महिन्यात मरण समोर दिसत असताना त्यांनी दरबारातल्या किझितोसारख्या पोरांना स्वतःच बाप्तिस्मा दिला आणि 3 जूनला नामुगोंगो इथे ते जाळले गेले. 22 कॅथॉलिक हुतात्मे 1964 मध्ये संत झाले. त्यांच्यात एकही धर्मगुरू नाही.

इतकं सांगितल्यावर दुसरी बाजू दडपणं बरोबर नाही. मिशनऱ्यांच्या पत्रांत कॅटेकिस्टांबद्दल तक्रारीही भरपूर आहेत: पैसे खाल्ले, आपल्याच जातीच्या वाड्यात जातो, दारू पितो, आपल्याला न विचारता लग्न लावलं. काही तक्रारी खऱ्या असणार. मदुराई मिशनमध्ये तर जातीनिहाय वेगळे कॅटेकिस्ट ठेवले गेले, म्हणजे जातीची भिंत मिशनने स्वतःच्या रचनेत बांधून घेतली. कांगोच्या राज्यात कॅपुचिन धर्मगुरूंना पापनिवेदनातसुद्धा स्थानिक ‘मेस्त्रे’ दुभाषा म्हणून बसवावा लागे, आणि हे मेस्त्रे बहुधा उमराव घराण्यातले असत. सामान्य माणूस त्यांच्यापुढे काय कबूल करणार, याची कल्पनाच केलेली बरी. हातात मुलांचं शिक्षण, लग्नाची नोंद आणि फादरचा कान असलेला माणूस गावात सत्ताधारीच होतो. पण याच तक्रारी मला पुरावा वाटतात. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्याबद्दल कुणी इतकं लिहीत नाही.

युद्धाने फादर नेले आणि प्रापंचिक उरले, याचं विसाव्या शतकातलं ठसठशीत उदाहरण पापुआ न्यू गिनीतल्या राकुनाई गावचे पीटर तो रोट. 1942 मध्ये जपान्यांनी मिशनऱ्यांना बंदिस्त केलं आणि हे विवाहित कॅटेकिस्ट प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्नं सगळं पाहू लागले. जपानी अधिकाऱ्यांनी पुन्हा बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली, त्याला त्यांनी उघड विरोध केला. 1945 च्या जुलैमध्ये तुरुंगात त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ते संत घोषित झाले.

आपल्याकडेही अशी रिकामी वर्षं आहेत, फक्त ती कुणी मोजत नाही. नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) कॅथॉलिक काम 1878 च्या दुष्काळी काळानंतर सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासूनच होतं, त्यामुळे शाळा आणि मास्तर ही जोडी लोकांना नवी नव्हती. राहुरी तालुक्यातली केंदळ, वळण ही कॅथॉलिकांची जुनी केंद्रं. मुंबई-पुण्याचं मिशन तेव्हा जर्मन येशूसंघीयांकडे होतं. एकेका फादरकडे मैलोन् मैल पसरलेली खेडी, आणि प्रत्येक खेड्यातले ख्रिस्ती प्रामुख्याने महार समाजातले. फादर घोड्यावरून कधीतरी येणार. मास्तर मात्र गावातच राहायचा. दिवसा शाळा, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रार्थना आणि भजन, कुणी वारलं तर दफन, पाटलाशी किंवा सावकाराशी वाद झाला तर अर्ज लिहून देणं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारने जर्मन येशूसंघीयांना नजरकैदेत टाकून बहुतेकांना मायदेशी पाठवलं. पुण्याचे बिशप हेन्रिख डोरिंग, ज्यांनी आधी नगर भागातच काम केलं होतं, त्यांनाही युद्ध संपल्यावर लगेच येता आलं नाही; मधली काही वर्षं ते जपानमध्ये हिरोशिमाला होते. खेड्यांतला समाज त्या धक्क्यातून सावरला. मदतीला इतर धर्मगुरू आले, पण रोज संध्याकाळी लोकांना बसवणारा माणूस तोच होता.

अशा मास्तरांची नावं हवी असतील तर मिशनच्या छापील अहवालांत वेळ घालवू नका. ते अहवाल युरोपातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असतात आणि तिथे ‘आमचा विश्वासू कॅटेकिस्ट’ यापुढे गाडी जात नाही. धर्मग्रामाची (पॅरिशची) जुनी बाप्तिस्म्याची वही उघडा आणि धर्मपित्याचा, म्हणजे बाळाची हमी घेणाऱ्याचा, रकाना वाचा. एकाच माणसाचं नाव एका गावातल्या बाळांपुढे वर्षानुवर्षं येत असेल, तर बहुधा तोच तुमचा मास्तर. आणीबाणीत फादरशिवाय दिलेल्या बाप्तिस्म्यांची नोंदही वेगळी असते, आणि तो कुणी दिला हे तिथे लिहिलेलं असतं. मग हिशेबाच्या वह्या: महिन्याचा पगार कुणाला, किती, कधी बंद झाला. लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्या पाहा. अंगठ्यांच्या रांगेत एकच वळणदार सही दिसली की ती कुणाची ते विचारायला गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा. मास्तरीणबाईंचं नाव मात्र वहीत शोधू नका, बहुतेकदा तिला पगारच नव्हता. बायकांना जपमाळ, मुलींना प्रार्थना आणि बाळंतपणाच्या वेळचा तातडीचा बाप्तिस्मा तिच्याकडे असे. तिच्याबद्दल लोकांना विचारूनच कळतं, आणि विचारायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

अधिकृत चर्चने काय म्हटलं, असंही कुणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या मिशनकार्यविषयक आदेशात कॅटेकिस्टांचा गौरव आहे, आणि त्याच परिच्छेदात त्यांना योग्य वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या असंही आहे. गौरवाचा भाग प्रवचनांत येतो, वेतनाचा भाग मी क्वचितच ऐकला. 10 मे 2021 ला पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्ट ही प्रापंचिकांची अधिकृत सेवा म्हणून स्थापली, विधिपूर्वक नेमणुकीसह. नगरच्या मास्तराची जागा तोवर बरीचशी रिकामी झालेली होती: माझ्या पाहण्यात, शाळांना सरकारी अनुदान आणि पात्रतेच्या अटी आल्या तशी शाळेची नोकरी आणि चर्चचं काम वेगळं झालं, पगार शाळेकडे गेला आणि संध्याकाळची प्रार्थना गावातल्या बायकांकडे आली. त्यांना आजही कुणी मानधन देत नाही.